सात दिवसांत गाडी परत? कुठल्या जगात राहता राव!

कृष्णाकाठचा (धागाकर्ता):
फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला: "नवी गाडी आवडली नाही तर 7 दिवसांत शोरूमला परत करा, पूर्ण पैसे मिळतात. ग्राहक कायदा 2019. सर्वांना पाठवा." आमचे साडू हे वाचून शोरूममध्ये गेले. गाडी चार दिवसांची, तक्रार एवढीच की सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावली की ड्रायव्हरचं दार वीतभरच उघडतं. मॅनेजरने पाणी दिलं आणि जुन्या गाड्यांच्या काउंटरकडे बोट दाखवलं. तिथे भाव निघाला सव्वा लाखाने कमी. आपल्याकडे असा कायदा नाही, कधी नव्हता. पाठवण्याआधी जरा वाचत चला.

खडूस पेठकर:
साडूंनी आधी पार्किंग मोजायला हवं होतं. पण म्हणून कंपन्यांची बाजू घेऊ नका. चारशेचा शर्ट परत घेतात आणि दहा लाखांची गाडी नाही?

कृष्णाकाठचा:
शर्टाचं आरटीओ पासिंग होतं का? गाडी नंबर पडूनच बाहेर येते. आरसीवर नाव, बँकेचा बोजा, पेट्रोल गाडी दहा लाखांच्या आतली असली तरी 11 टक्के रोड टॅक्स. परत घेतली तर पुढच्याला ती सेकंड हँड म्हणूनच विकावी लागणार. तो तोटा कोण सोसणार, तुम्ही?

वकीलबाई:
दोघंही अर्धं बोलताय. 'आवडली नाही' म्हणून परत करायचा हक्क नाही, हे खरं. पण सदोष गाडीचं काय? 2019 च्या कायद्यात दोष दुरुस्त करणं, माल बदलून देणं, पैसे परत, तिन्ही आहे. फक्त ते ग्राहक आयोगाच्या आदेशाने मिळतं, काउंटरवर नाही. किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, तक्रारीची मुदत दोन वर्षं. आणि दोष मूळ उत्पादनातला आहे हे दाखवावं लागतं. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मारुती उद्योगच्या क्लचच्या प्रकरणात गाडी बदलून देण्याचा आदेश टिकू दिला नाही. वॉरंटीत पार्ट बदलण्याचं बंधन आहे, अख्खी गाडी नाही, असं म्हटलं.

लेस्टरवासी:
आमच्याकडे इंग्लंडमध्ये 2015 च्या कायद्याने 30 दिवसांत सदोष गाडी नाकारता येते. सदोष हं. पार्किंगमध्ये बसत नाही हा दोष इथेही धरत नाहीत. :)

माजी शोरूमवाला:
नऊ वर्षं डिलिव्हरीला होतो, म्हणून सांगतो. खरी चूक मुहूर्ताची. पितृपक्षात कुणी गाडी उचलत नाही, सगळे दसऱ्याला तुंबतात. एका दसऱ्याला आम्ही एकेचाळीस गाड्या दिल्या. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर स्वस्तिक, पेढे, फोटो, पुढचा! यार्डात घासलेलं दार रात्री रंगवलेलं असायचं. दाराच्या रबरावर रंगाचे बारीक शिंतोडे दिसतात, नखाने खरवडले की निघतात. एकानेही कधी पाहिलं नाही. सगळ्यांचं लक्ष 11:42 वर.

सौ. मंगळागौर:
आला का विषय मुहूर्तावर! दसऱ्याला गाडी घेतली म्हणून आम्ही मूर्ख का? आमच्या सासऱ्यांनी पहिली स्कूटर पाडव्याला आणली. एवढं तरी आनंदाने करू द्या.

खडूस पेठकर:
करा की. पण कुंकू लावायला पाच मिनिटं आहेत आणि टायर बघायला नाहीत? टायरवर चार आकडे असतात. 3224 म्हणजे 2024 चा 32 वा आठवडा. माझ्या 'नव्या' गाडीचा टायर चौदा महिन्यांचा निघाला. त्या शोरूमने "साहेब, रबर मुरलं की चांगलं" असं ऐकवलं. लोणचं आहे का ते?

सौ. मंगळागौर:
मग तुम्ही का नाही पाहिलंत घेताना?

खडूस पेठकर:
...अक्षय्य तृतीया होती.

लेस्टरवासी:
😂😂

खडूस पेठकर:
हसा. आईचा हट्ट होता. आणि तुम्ही साहेबाच्या देशात बसून आम्हाला शिकवू नका.

वकीलबाई:
भांडा नंतर. 1930 च्या वस्तू विक्री कायद्यात सदोष माल नाकारण्याची मुभा आहे, पण एकदा स्वीकारलात की सहसा नुकसानभरपाईच मागता येते. म्हणून पैसे भरून झाले तरी पासिंगच्या आधी यार्डात जाऊन गाडी उजेडात बघा. चॅसी नंबर लिहून घ्या. खोट दिसली तर तिथेच, ईमेलने नाकारा. सेल्समनला तोंडी सांगितलेलं आयोगापुढे कुणाला आठवत नसतं.

माजी शोरूमवाला:
वकीलबाईंना +1. बघायला मागणाऱ्याला आम्ही गपचूप चांगली गाडी काढून द्यायचो. उरलेली कुणाला जायची ते विचारू नका.

सौ. मंगळागौर:
म्हणजे आम्हाला.

माजी शोरूमवाला:
ताई, राग नको. मुहूर्त ठेवा, फक्त गाडी आदल्या आठवड्यात बघा.

सौ. मंगळागौर:
बरं. दिवाळी पाडव्याला मुलाची गाडी येतेय, आधी यार्डात जाईन. तुमच्या सांगण्यावरून नाही, मलाच सुचलं होतं.

कृष्णाकाठचा:
अपडेट: साडूंनी गाडी ठेवली. आता मागच्या दाराने चढतात आणि सीटवरून पुढे सरकतात. फॉरवर्ड मात्र काल पुन्हा आला, त्यांच्याच नंबरवरून.