रेशनच्या यंत्रावर अंगठा लागत नाही आणि श्रावणबाळचे पैसेही थांबले. दाद कुठे मागावी?

गोदाकाठ (प्रश्न)

माझी आत्या बीड जिल्ह्यातील एका गावात एकटी राहते. वय सत्तरीच्या पुढे आहे, यजमान वारले आहेत, मुलगा कामाच्या शोधात बाहेर पडला तो तिकडेच स्थिरावला. तिच्या प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर आता तिचे एकटीचेच नाव आहे. उमेदीची सगळी वर्षे ऊसतोडीत गेल्यामुळे तिच्या बोटांची टोके इतकी गुळगुळीत झाली आहेत की रेशन दुकानातील ई-पॉस यंत्र तिचा अंगठा ओळखत नाही. दुकानदार यंत्राची काच शर्टाच्या बाहीने पुसतो, बोट केसांवरून फिरवून पुन्हा ठेवायला सांगतो, दोन-तीन बोटे लावून पाहतो आणि शेवटी "सर्व्हर डाऊन दिसतंय, पुढच्या वेळी बघू" असे म्हणून रिकामी पिशवी घेऊन परत पाठवतो. गेले काही महिने तिला धान्य मिळालेले नाही. ई-केवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी) झाली नाही तर नाव कमी होईल, असेही तो आता सांगू लागला आहे.

दुसरी अडचण श्रावणबाळ योजनेच्या अनुदानाची आहे. दरमहा १५०० रुपये पूर्वी तिच्या बँक खात्यात जमा होत असत; डीबीटीने (आधार क्रमांकावरून थेट हस्तांतरणाने) रक्कम पाठवण्यास सुरुवात झाल्यानंतर मात्र तिच्या पासबुकात एकही नोंद आलेली नाही. तहसील कार्यालयातील संजय गांधी विभाग (अशा अनुदानाचे काम पाहणारा) म्हणतो की यादीत नाव आहे आणि रक्कम गेलेली आहे. बँक म्हणते की आधार जोडलेले आहे, पण रक्कम आलेली नाही. दोघेही खरे बोलत आहेत असे धरले, तर पैसे गेले कुठे?

मी पुण्यात खासगी नोकरी करतो, त्यामुळे गावी वारंवार जाणे शक्य होत नाही. तक्रार कोणाकडे, कोणत्या क्रमाने करावी आणि जाण्यापूर्वी येथूनच काय काय पाहून ठेवता येईल, हे जाणकारांनी सांगावे.

पुरवठा_निवृत्त

नमस्कार. पुरवठा शाखेत अव्वल कारकून म्हणून बरीच वर्षे काम केले असल्यामुळे धान्याच्या बाजूबद्दल लिहितो. पैशांचे उत्तर बँकेतील कोणी द्यावे. दोन्ही ठिकाणी आधारचे नाव निघत असले तरी या दोन स्वतंत्र अडचणी आहेत आणि एकाच अर्जात दोन्ही लिहिल्यास तो अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो, हे प्रथम लक्षात घ्यावे.

यंत्राने अंगठा नाकारला म्हणजे शासनाने धान्य नाकारले असे होत नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक सदस्याला दरमहा ५ किलो धान्याचा हक्क आहे आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. बोटांचे ठसे जुळत नाहीत एवढ्याच कारणावरून पात्र व्यक्तीला परत पाठवू नये, असे केंद्राच्या अन्न विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ च्या पत्राने सर्व राज्यांना कळवलेले आहे. पडताळणीचे इतर मार्ग वापरावेत आणि तेही निष्फळ ठरले तर शिधापत्रिका व आधार कार्ड प्रत्यक्ष पाहून, अपवाद म्हणून वेगळी नोंद करून धान्य द्यावे, असा त्याचा आशय आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारविषयक निकालात ठसे न जुळल्यामुळे कोणी लाभाला मुकू नये, हेच बजावले आहे.

व्यवहारात काय होते तेही सांगतो. दुकानदाराचा साठा यंत्रावर चढवलेला असतो आणि नोंद झाल्याशिवाय तो कमी होत नाही. तहसीलमधून मुभा मिळाल्याशिवाय त्याने स्वतःच्या जबाबदारीवर धान्य दिले तर तपासणीत तूट त्याच्याच अंगावर येते. म्हणून तो "सर्व्हर डाऊन" म्हणतो. त्यात आत्याबाईंना फसवण्याचा हेतू असेलच असे नाही. अशा वेळी दुकानदाराशी वाद घालत बसण्याऐवजी अर्ज थेट तहसीलदारांच्या नावे करावा. अर्जात शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक, दुकानाचा क्रमांक, कोणकोणत्या महिन्यांचे धान्य मिळाले नाही आणि त्याचे कारण एवढेच लिहावे. ठसे उमटत नसल्याने बुबुळाद्वारे किंवा नोंदणीकृत मोबाइलवरील ओटीपीद्वारे पडताळणी करावी अथवा नॉमिनी (त्यांच्या वतीने धान्य उचलणारी व्यक्ती) नोंदवावा, अशी मागणी शेवटी स्पष्ट शब्दांत करावी. नव्या फोर-जी यंत्रांना बुबुळाचे स्कॅनर दिलेले आहेत. गावातील दुकानात तो वापरला जातो की कपाटात ठेवलेला आहे, याची चौकशी अवश्य करावी. अर्जाची दुसरी प्रत शिक्का व आवक क्रमांक घालून परत घ्यावी. ही पोच नसेल तर पुढे कोणाकडेही दाद मागताना हात रिकामे राहतात.

महिनोन्महिने धान्य न उचलण्याचा धोकाही नीट समजून घ्या. जुलै २०२५ मध्ये केंद्राने सार्वजनिक वितरणाच्या नियंत्रण आदेशात बदल केला असून सलग सहा महिने धान्य न उचललेली शिधापत्रिका तात्पुरती निष्क्रिय करून पुढील तीन महिन्यांत घरभेट आणि ई-केवायसीद्वारे पात्रता तपासण्याची तरतूद त्यात आहे. म्हणजे ज्या बाईला यंत्रामुळे धान्य मिळत नाही, तीच बाई कागदावर धान्य न घेणारी ठरते. नाव एकदा कमी झाले की परत चढवताना इष्टांकाचा (लाभार्थ्यांच्या ठरवून दिलेल्या संख्येचा) प्रश्न येतो, कारण राज्याला ७ कोटी १६ हजार लाभार्थ्यांची मर्यादा आहे, ती २०११ च्या जनगणनेवरून ठरलेली आहे आणि "तालुक्याचा इष्टांक शिल्लक नाही" हे उत्तर ऐकून माणसे वर्षानुवर्षे थांबलेली मी पाहिली आहेत. म्हणून नाव कमी होण्याआधी हालचाल करावी.

तहसीलमध्ये काम झाले नाही, तर अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते आणि त्याच्या निर्णयाने समाधान न झाल्यास राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येते. १९६७ हा मदत क्रमांकही आहे. तेथे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, पण केवळ फोनवर विसंबून राहू नये.

खिडकी_क्र_३

वरील उत्तर उत्तम आहे. पैशांबाबत मी लिहितो, कारण ग्रामीण शाखेत असल्याने हा प्रश्न आमच्या खिडकीवर रोज येतो.

तहसील आणि बँक दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता मोठी आहे. बँकेत आधार दोन प्रकारे जोडले जाते. खाते उघडताना किंवा केवायसी करताना आधार क्रमांक खात्याला लावला जातो, तो पहिला प्रकार. शासनाकडून येणारी रक्कम कोणत्या बँकेकडे वळवायची, याची नोंद एनपीसीआयच्या (राष्ट्रीय देयक महामंडळाच्या) मॅपरमध्ये, म्हणजे आधार-बँक यादीत, वेगळी करावी लागते, तो दुसरा. डीबीटीची रक्कम पाठवताना खाते क्रमांक पाहिला जात नाही. आधार क्रमांकासमोर मॅपरमध्ये ज्या बँकेचे नाव असेल तेथे ती जाते आणि एका आधारसमोर एका वेळी एकाच बँकेचे नाव राहते. सर्वांत शेवटी ज्या बँकेने ही नोंद केली, तिच्याकडे पैसे जातात. आमच्या खिडकीवरून "आधार लिंक आहे" असे उत्तर मिळते तेव्हा ते बहुधा पहिल्या प्रकाराबद्दलचे असते आणि ग्राहक निर्धास्त होऊन घरी जातो.

आता आठवा की आत्यांनी मधल्या काळात कुठे अंगठा दिला होता का: नवीन सिमकार्ड घेताना, बचत गटाचे खाते काढताना, गावात आलेल्या एखाद्या शिबिरात? अशा वेळी पेमेंट बँकेचे किंवा दुसऱ्या बँकेचे शून्य शिलकीचे खाते उघडले जाते आणि संमतीच्या रकान्यात खूण करून आधारची नोंद तिकडे वळवली जाते. खातेदाराला पासबुकही मिळालेले नसते. गेलेली रक्कम बहुतेक वेळा अशाच खात्यात पडून असते.

हे पुण्यात बसूनही तपासता येईल. आधारशी मोबाइल जोडलेला असेल तर माय-आधार संकेतस्थळावर ओटीपी देऊन बँक सीडिंगची, म्हणजे मॅपरमधील नोंदीची, स्थिती पाहता येते. तेथे बँकेचे नाव, नोंदीची तारीख आणि नोंद सक्रिय आहे की नाही एवढे दिसते. मोबाइल जोडलेला नसेल तर आधी आधार केंद्रात तो जोडून घ्यावा, कारण ई-केवायसीलाही त्याचा उपयोग होईल. त्यानंतर ज्या बँकेत पैसे हवे आहेत तेथे आधार सीडिंगचा संमती अर्ज भरून द्यावा आणि "डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपरमध्ये नोंद करावी" हे शब्द अर्जात असल्याची खात्री करावी.

आणखी एक गोष्ट. आत्यांचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असेल तर १५०० रुपयांतील काही हिस्सा केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेचा असतो, ऐंशी वर्षांपर्यंत २०० आणि त्यापुढे ५०० रुपये, व उरलेली रक्कम राज्याची असते. पासबुकात या दोन वेगळ्या नोंदी वेगवेगळ्या तारखांना येऊ शकतात. एकच नोंद पाहून "कमी पैसे आले" असा समज करून घेऊ नये.

शेवंता

दोन्ही उत्तरे उपयोगी आहेत, पण पहिल्या उत्तरातील "थेट तहसीलदारांच्या नावे अर्ज करावा" या सल्ल्याला मी थोडी मुरड घालीन. मी स्वतः जालना जिल्ह्यात निराधार महिलांचे अर्ज भरून देते. गावात दुकान एकच असते आणि एकटी बाई दर महिन्याला त्याच दारात उभी राहणार असते. दुकानदाराला न कळवता तक्रार गेली, तर तो उघडपणे काही बोलत नाही. मात्र पुढे "आज माल संपला", "उद्या या" असे सुरू होते. म्हणून अर्ज देण्यापूर्वी त्याला सांगावे की ही तक्रार तुमच्याविरुद्ध नसून यंत्राबद्दल आहे, आणि जमल्यास अर्जावर "ठसे जुळत नाहीत" असा त्याचाच शेरा व सही घ्यावी. तो शेरा तहसीलमध्ये आपल्या कोणत्याही शब्दांपेक्षा अधिक वजनदार ठरतो. सरपंच गावपातळीवरील दक्षता समितीचे अध्यक्ष असतात, त्यांचेही पत्र जोडता येते. काही गावांत सरपंच आणि दुकानदार एकाच घरचे असतात, तेथे अर्थातच या पत्राचा उपयोग नाही.

ई-केवायसीची वेगळी व्यवस्था आहे. "मेरा ई-केवायसी" या मोबाइल अ‍ॅपमध्ये चेहऱ्याद्वारे पडताळणी होते, तेथे बोटांची गरजच पडत नाही. त्यासाठी आधारची फेस आरडी ही सेवा फोनमध्ये घ्यावी लागते आणि आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. वृद्ध स्त्रियांच्या बाबतीत पदर मागे घेऊन, उजेडात, पाठीमागे मोकळी भिंत ठेवून प्रयत्न केल्यास काम लवकर होते. डोळे मिटून उघडण्याची सूचना त्यांना आधी समजावून सांगावी. एवढे ध्यानात असू द्या की यामुळे नाव टिकेल. दर महिन्याच्या धान्यासाठी अंगठ्याचा प्रश्न सुटणार नाही. त्यासाठी वर सांगितलेला अर्ज लागेलच.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माय-आधारवर पाहिले असता सीडिंगसमोर एका पेमेंट बँकेचे नाव निघाले. आत्याला त्या खात्याची काहीच कल्पना नव्हती. बाजारच्या दिवशी छत्रीखाली बसलेल्या माणसाकडून तिने सिमकार्ड घेतले होते, एवढे तिला आठवते. आता दोन शंका आहेत. त्या खात्यातील रक्कम काढायची तर तेथेही अंगठाच मागतील, मग काय करावे? दुसरे असे की आत्या काही महिने माझ्याकडे पुण्यात राहिली, तर तिला येथे धान्य मिळेल का, आणि मागील महिन्यांचे धान्य परत मिळण्याची काही सोय आहे का?

खिडकी_क्र_३

अंगठ्याशिवाय रक्कम मिळू शकते, थोडा आग्रह मात्र धरावा लागतो. त्या पेमेंट बँकेच्या ग्राहक सेवेकडे केवायसी पूर्ण करून, शिल्लक आत्यांच्या मूळ खात्यात वळवून खाते बंद करण्याची लेखी मागणी करावी. मूळ बँकेतही सेवा केंद्रातील यंत्रावर अंगठा लागणार नाही, म्हणून त्यांनी शाखेत जाऊनच व्यवहार करावा. सही न करता येणाऱ्या वृद्ध खातेदाराला शाईच्या अंगठ्याने पैसे काढता येतात. बँकेच्या परिचयाचे दोन साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. ज्या शाखेत "अंगठा लागत नाही तर आम्ही काय करणार" असे उत्तर मिळेल, तेथे शाखाधिकाऱ्यांकडे हे निर्देश दाखवून बोलावे.

पुरवठा_निवृत्त

पुण्यात धान्य मिळेल. राज्यातील कोणत्याही रास्त भाव दुकानातून आपल्या वाट्याचे धान्य उचलण्याची सोय आहे आणि ई-केवायसीही तेथेच करता येते. शहरातील ज्या दुकानात बुबुळाचा स्कॅनर चालू स्थितीत आहे असे दुकान शोधून त्याच महिन्यात एकदा धान्य उचलावे. त्यामुळे सहा महिन्यांची मोजणी तुटते.

मागील महिन्यांचे धान्य सहसा पुढे ओढले जात नाही. अधिनियमाच्या कलम ८ मध्ये धान्य न मिळाल्यास अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूद आहे, तथापि ठसे न जुळल्याच्या कारणावरून तो मिळालेला लाभार्थी माझ्या संपूर्ण नोकरीत मला भेटलेला नाही. तरीही जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडील अर्जात त्याची मागणी लिहून ठेवावी, कारण ती लिहिली तर निदान नकाराचे कारण लेखी द्यावे लागते.

आत्याबाईंना पुण्यात नेण्यापूर्वी त्यांचा हयातीचा दाखला या वर्षी तहसीलमध्ये जमा झाला आहे का, ते संजय गांधी विभागात पाहून घ्यावे. दाखला नसला की अनुदान थांबते, आणि मग सीडिंग बरोबर असूनही खात्यात काही येणार नाही.