किट मागवण्याआधी चॅप्टर गाठा

घरी स्वतः विमान बांधायला सुरुवात कशी करावी, यावर चर्चेच्या या धाग्यात आलेला ‘आधी शेपटीचं किट (सुट्या भागांचा संच) मागवा, काम सुरू झालं की माणसं आपोआप भेटतात’ हा सल्ला मला उलटा वाटतो. इकडे अमेरिकेत ईएएचे, म्हणजे १९५३ साली विस्कॉन्सिनात सुरू झालेल्या हौशी विमानकारांच्या संघटनेचे, चॅप्टर (स्थानिक शाखा) गावोगावच्या छोट्या विमानतळांवर भरतात. तिथे कुणाच्या तरी पूर्ण झालेल्या विमानात बसून बघा. गुडघे समोरच्या उपकरणांच्या पॅनेलला लागतात की नाही, हे कॅटलॉग सांगत नाही. पत्र्याचं विमान असेल तर पत्रे जोडणाऱ्या रिव्हेट स्वतः मारूनही बघा. बऱ्याच ठिकाणी एकाने बाहेरून गन चालवायची आणि दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, असं दोघांचं काम असतं. तो दुसरा माणूस आधीच शोधलेला बरा (बायको दोन संध्याकाळी धरेल, तिसऱ्या नाही).

धाग्यात न आलेली गोष्ट म्हणजे टेक्निकल कौन्सेलर. हे चॅप्टरमधलेच अनुभवी लोक फुकट घरी येऊन काम बघतात. पंख बंद करण्याआधी त्यांना बोलवायचं, कारण नंतर आतलं काही दिसत नाही. आणि ‘मदत घेतली तर ५१ टक्क्यांचा नियम मोडतो’ ही भीतीही नको. विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी लोकांनीच केलेलं असावं, असा तो नियम. पैसे देऊन करवून घेतलेलं काम त्यात धरत नाहीत. हौसेने किंवा शिकण्यासाठी हात लावणाऱ्या मित्रांचं चालतं. फक्त कामाची वही आणि फोटो पहिल्या दिवसापासून ठेवा, तपासणीला तेच मागतात.