मदत हवी आहे: आजीची नऊवारी कोडगू पद्धतीनं नेसता येईल का?

बहिणीचं लग्न ठरलंय. आम्ही बेळगावचे, मुलगा कोडगूतल्या (कूर्ग) मडिकेरीचा, कोडवा समाजाचा. त्यांच्यात नवरी लाल रेशमी साडी नेसते, निऱ्या मागे आणि पदराचं टोक पुढं आणून उजव्या खांद्यावर टाचलेलं. फोटो बघून आजी म्हणाली, "मागं खोचलंय म्हणजे काष्टाच की गं!" आणि ट्रंकेतून स्वतःची लाल शहापुरी नऊवारी काढून बसली. अजून डांबरगोळ्यांचा वास येतोय. घडीवर दोन ठिकाणी जर उसवलीय.

नऊ वार तसे नेसले तर मागं गाठोडंच होईल. मग कापून सहावारी करावी का? आजीसमोर कात्री धरायला माझा तरी जीव होणार नाही. कुणी न कापता नेसवलीय का? आणि शहापूर, खासबाग, वडगाव भागात जरीचं रफू हातानं करणारं कुणी माहीत आहे का? लांब बाह्यांचं ब्लाउज शिवणारी ताईही सांगा. लग्न वैशाखात आहे.