क्रूसेडला ‘धर्मयुद्ध’ म्हणावं का?

एका मराठी लेखाचं मुद्रितशोधन करतेय. विषय मध्ययुगातली क्रूसेड्स, म्हणजे पोपच्या मान्यतेने निघालेल्या युरोपातल्या ख्रिस्ती लोकांच्या लढाऊ मोहिमा. लेखकाने सगळीकडे ‘धर्मयुद्ध’ लिहिलंय. ‘जेरुसलेमच्या धर्मयुद्धात शहरातल्या लोकांची सरसकट कत्तल झाली’ या वाक्यापाशी मी अडले. धर्मयुद्धात कत्तल कशी? दुसरा रुळलेला शब्द आहे का? आणि क्रूसेडरला काय म्हणायचं? ‘धर्मवीर’ नको वाटतं, त्याला आपल्याकडे वेगळाच वास आहे.

प्रतिसाद :
योग्य जागी अडलात. आपल्या जुन्या वापरात धर्मयुद्ध म्हणजे नियमाने लढलेलं युद्ध. निःशस्त्रावर, शरण आलेल्यावर वार नाही, पळणाऱ्याच्या पाठीवर वार नाही. याच्या उलट ते कूटयुद्ध. यातला ‘धर्म’ म्हणजे पंथ नव्हे. कौरव-पांडवांचे देव काही वेगळे नव्हते. १५ जुलै १०९९ ला क्रूसवाले जेरुसलेममध्ये शिरले आणि मुसलमान, ज्यू, बायका-पोरं असा भेद न करता कापत सुटले. आपल्या व्याख्येने हे धर्मयुद्ध ठरतच नाही. उलट ११८७ साली मुस्लिम सुलतान सलाहुद्दीनने तेच शहर परत घेतलं तेव्हा माणशी दंड ठरवून (पुरुषाला दहा दीनार) लोकांना बाहेर जाऊ दिलं. ज्यांना दंड भरता आला नाही त्यांतले बरेच गुलाम झाले, हेही खरं. पण ‘धर्मयुद्ध’ शब्दाच्या जास्त जवळ कोण, हे तुम्हीच ठरवा.


प्रतिसाद :
शब्द रुळलाय हो. शाळेपासून वाचतोय. शब्दाला दोन अर्थ असू नयेत असं कुठे आहे? ‘जिहाद’लाही वर्तमानपत्रं धर्मयुद्धच लिहितात.

प्रतिसाद :
तीच तर अडचण आहे. जिहाद, क्रूसेड आणि कुरुक्षेत्र तिन्ही एकाच पोत्यात. जिहादचा धातू ‘झटणे, कष्ट घेणे’ या अर्थाचा, लढाई हा त्यातला एक प्रकार. आणि क्रूसेड? पहिल्या मोहिमेच्या वेळी तर हा शब्दच नव्हता. नोव्हेंबर १०९५ मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँच्या धर्मसभेत पोप दुसरा अर्बन याने आवाहन केलं, तेव्हापासून जाणारे लोक त्याला लॅटिनमध्ये ‘यात्रा’ किंवा नुसतं ‘वाट’ म्हणत. जेरुसलेमची यात्रा, फक्त हत्यार घेऊन. सभेचा ठराव असा की जो मानमरातब किंवा पैशासाठी नव्हे, तर केवळ श्रद्धेने जाईल, त्याचा हा प्रवासच सगळ्या प्रायश्चित्ताच्या जागी धरला जाईल.

जाणारा माणूस नवस बोलायचा आणि कापडाचा क्रूस अंगरख्याच्या खांद्यावर शिवून घ्यायचा. तो शिवला की माघार नाही. नवस न फेडणाऱ्याला चर्च बहिष्कृत करू शके. पुढे पुढे आजारी, म्हातारे यांना रक्कम भरून नवसातून मोकळं होण्याची सोय झाली, आणि मग धडधाकट लोकही मोकळे होऊ लागले. (हे वाचून कुणाला काय आठवेल ते आठवो.) या शिवलेल्या क्रूसावरून त्यांना ‘क्रूसांकित’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द पडला आणि त्या कुळातून पुढे क्रूसेड.

आणखी एक. ‘ख्रिस्ती विरुद्ध मुस्लिम’ ही तळटीपही अपुरी पडेल. १२०२ साली चौथ्या मोहिमेने झारा हे कॅथलिक शहर लुटलं, १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल, तेही ख्रिस्ती शहर. तिथले काशाचे चार घोडे व्हेनिसला सेंट मार्क चर्चवर गेले. १२०९ पासून दक्षिण फ्रान्समधल्या कॅथार पंथीयांवर (चर्चने पाखंडी ठरवलेले ख्रिस्ती) मोहीम झाली, तीही क्रूसेडच. नवस, क्रूस आणि पोपची मान्यता या तीन गोष्टी असल्या की क्रूसेड. समोर कोण हा प्रश्न वेगळा.

प्रतिसाद :
समोरची बाजू त्यांना काय म्हणे, हे मजेचं आहे. तेव्हाचे अरब लेखक ‘क्रूसवाले’ म्हणतच नाहीत, ‘इफ्रंज’ म्हणतात, म्हणजे फ्रँक. ‘सलीबी युद्धं’ (सलीब म्हणजे क्रूस) हा अरबी शब्द एकोणिसाव्या शतकात युरोपीय पुस्तकांवरून घडला. सीरियातला सरदार उसामा इब्न मुन्किझ याने आठवण लिहिलीय : जेरुसलेमला टेम्पलर (लढवय्या ख्रिस्ती साधूंचा संघ) त्याचे मित्र, नमाजासाठी जागा मोकळी करून देत. एकदा नुकताच आलेला एक फ्रँक त्याला धरून पूर्वेकडे वळवू लागला, ‘प्रार्थना अशी करायची!’ टेम्पलरांनी त्याला हाकललं, तो परत आला, पुन्हा हाकललं, आणि उसामाची माफी मागितली, की हा नवीन आहे.

हाच इफ्रंज फारसीतून आपल्याकडे ‘फिरंगी’ होऊन आला. मराठेशाहीतल्या ‘आज्ञापत्र’ या ग्रंथात टोपीकरांच्या (युरोपीयांच्या) यादीत फिरंगी वेगळे आणि फरासीस वेगळे! म्हणजे मुळात फ्रँकांचं नाव पोर्तुगीजांना चिकटलं आणि खऱ्या फ्रेंचांना नवं नाव शोधावं लागलं. सरळ पात्याची फिरंग तलवार आणि ‘फिरंगरोग’ (सिफिलिस) ही याच घरातली मंडळी.

प्रतिसाद :
मग ‘क्रूसयुद्ध’ का नको? क्रूस आपल्याकडे पोर्तुगीजांमुळे घरचा झालाय, गोव्यात तर खुरीस. मराठी बायबलमधला ‘वधस्तंभ’ इथे चालणार नाही, वधस्तंभयुद्ध म्हणजे भलतंच होईल. शिवाय या शब्दाचं मूळ त्या इतिहासाशी नातं आहे : टेम्पलरांचा संघ बंद झाल्यावर पोर्तुगालच्या राजाने १३१९ मध्ये त्यांच्या मालमत्तेवर ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ उभी केली आणि तिचाच क्रूस पुढे पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर आला.

प्रश्नकर्ती :
‘क्रूसयुद्ध’ आणि माणसाला ‘क्रूसधारी’ करते. पहिल्या उल्लेखाला ‘रूढ नाव धर्मयुद्ध’ अशी टीप टाकते, म्हणजे परीक्षेवाल्यांची पंचाईत नको. शेवटच्या परिच्छेदात लेखकाने ‘भ्रष्टाचाराविरुद्ध क्रूसेड’ लिहिलंय, त्याचं काय?

प्रतिसाद :
तिथे ‘मोहीम’ लिहा. नाहीतर ‘आघाडी उघडली’.