अडकलेला ऑक्सिजन सेन्सर घरी बदलता येईल का?

प्रश्न

माझ्या पेट्रोल गाडीचा ‘चेक इंजिन’ दिवा तीन आठवड्यांपासून पेटलेला असून स्कॅनर लावल्यावर ऑक्सिजन सेन्सरशी संबंधित पी०१३५ हा कोड दिसतो. कोड पुसला तरी तो दुसऱ्या दिवशी परत येतो, सकाळी इंजिन गार असताना गाडी अडखळते आणि पेट्रोलही पूर्वीपेक्षा जास्त लागते. धुरातला ऑक्सिजन मोजणारा हा सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) आधी, बॉनेट उघडल्यावर हात पोहोचेल अशा जागी आहे. मात्र त्याचा बुंधा पूर्ण गंजला आहे. साध्या पान्याने जोर लावला तेव्हा षटकोनाच्या कडा किंचित गोल होऊ लागल्या, म्हणून मी तिथेच थांबलो. नवा सेन्सर घेण्यापूर्वी हाच खराब आहे याची खात्री कशी करावी, आणि आटे न बिघडवता तो कसा काढावा?

उत्तर १

आपण वेळेवर थांबलात हे फार चांगले केलेत. पी०१३५ हा कोड सेन्सरच्या हीटर-सर्किटबद्दल आहे, आणि त्या सर्किटमध्ये सेन्सरबरोबर फ्यूज, कनेक्टर आणि वायरिंगही येते, त्यामुळे केवळ कोड पाहून सेन्सर विकत घेऊ नये. झिर्कोनियाचा (एका सिरॅमिकचा) सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय भरवशाचे व्होल्टेज देत नाही; त्याला लवकर तापवण्यासाठीच आत हीटर असतो. हीटर बंद पडला की सेन्सर केवळ धुराच्या उष्णतेवर सावकाश तापतो, आणि तोपर्यंत इंजिनाचा संगणक त्याच्याकडे न पाहता आधी ठरवून दिलेल्या प्रमाणात इंधन सोडत राहतो. तुमच्या दोन्ही तक्रारींचा उलगडा यातून होऊ शकतो.

प्रथम फ्यूज पाहा. त्यानंतर कनेक्टर सोडवून सेन्सरच्या बाजूच्या, बहुधा एकाच रंगाच्या असलेल्या दोन तारांमधला रोध मल्टिमीटरने मोजा. चार तारांच्या चांगल्या सेन्सरचा हीटर गार असताना थोडेच ओहम दाखवतो. मीटर अनंत रोध दाखवत असेल तर हीटर किंवा त्याची तार तुटली आहे. रोध ठीक असेल, तर इंजिन चालू ठेवून गाडीच्या बाजूच्या कनेक्टरपर्यंत बॅटरीचे व्होल्टेज पोहोचते का, ते तपासा.

उत्तर २

ही मोजणी पूर्ण झाल्यावरच काढण्याच्या कामाला लागा, कारण मी सुचवतो त्या पद्धतीत जुन्या सेन्सरची तार कापावी लागते. तार जाण्यासाठी चीर असलेला सॉकेट जोर वाढला की फाकतो आणि कडा आणखी गोल करतो. सेन्सर टाकूनच द्यायचा असल्याने तार बुंध्याजवळ कापून २२ मिमीचा खोल, सहा कोनी, अखंड सॉकेट बसवावा. आदल्या रात्री आट्यांच्या तोंडाशी गंज सोडवणारे तेल सोडावे. दुसऱ्या दिवशी इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावे आणि धातू कोमट असतानाच, जाड हातमोजे घालून काम करावे. सेन्सर हलला की एकदम फिरवू नये. पाव फेरा सैल, थोडा परत घट्ट, पुन्हा तेल, असे करत जावे. या टप्प्यावर घाई केली तर आटे सेन्सरबरोबर ओरबाडून बाहेर येतात. सेन्सर निघाल्यावर भोकातले आटे एम१८ × १.५ च्या थ्रेड-चेसरने साफ करून घ्यावेत.

उत्तर ३

नवा सेन्सर बसवतानाही तेवढीच काळजी हवी. त्याच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे अडकू न देणारे वंगण) बहुधा लावलेलेच असते. नसेल तर फक्त आट्यांनाच लावावे, टोकाला त्याचा स्पर्श होऊ देऊ नये. आसपास सिलिकॉन सीलंट अजिबात वापरू नये, कारण त्याची वाफ सेन्सर निकामी करते. तारांना डाग देऊन जोड करू नये: अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारेच्या आतूनच घेतात, आणि डाग दिल्याने ती वाट बुजते. आधी हाताने आटे लावा, मग टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याइतके घट्ट करा. एम१८ साठी तो बहुधा ४० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. कनेक्टर शेवटी जोडा, नाहीतर तारेला पीळ बसेल.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. फ्यूज चांगला होता, कनेक्टरपर्यंत व्होल्टेज येत होते, मात्र सेन्सरच्या बाजूला मीटरने अनंत रोध दाखवला. दोन संध्याकाळी तेल सोडल्यावर सेन्सर करकरत निघाला आणि आटे शाबूत राहिले. जुनी तार उजेडात धरून पाहिली तेव्हा एका जागी आवरण वितळून आतली तार तुटलेली आढळली. तिला पाइपपासून दूर धरणारी क्लिप मोडून पडली होती आणि तार गरम मॅनिफोल्डला (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांना) टेकत होती. नव्या सेन्सरची हीच गत होऊ नये म्हणून आधी क्लिप बसवली, मग तार ओवली. कोड पुसून आठ दिवस झाले आहेत, आणि दिवा परत पेटलेला नाही.