थर्मोकोलच्या सर्फबोर्डवर बुडबुडे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी पैठणचा, त्यामुळं ‘लाटा कुठून आणणार?’ हे ऐकून झालंय. लाटांवर उभं राहून घसरायचा हा बोर्ड मी स्वतः थर्मोकोलचा बनवतोय, मालवणला समुद्रावर न्यायचाय. टाकी दुरुस्तीवाल्याकडचं पॉलिस्टर रेझिन (वाळून कडक होणारा चिकट द्रव) तुकड्यावर लावलं तर थर्मोकोल बत्ताशासारखा विरघळला, म्हणून इपॉक्सी हे दुसरं रेझिन आणलं. परवा सकाळी दहाला पत्र्याच्या शेडमध्ये खालच्या बाजूला फायबरग्लासचं (काचेच्या धाग्यांचं, चौरस मीटरला २०० ग्रॅमचं) कापड रेझिननं बसवलं. ऊन चढलं तसे कापडाखालून मोहरीएवढे बुडबुडे वर आले. मगात उरलेलं रेझिन तर धूर सोडायला लागलं! थर्मोकोलमधली हवाच तापून फुगली असणार. आता वरची बाजू ऊन उतरल्यावर करू, की आधी रेझिनचा पातळ लेप देऊन थर्मोकोलची भोकं बुजवू? अन् झालेले बुडबुडे घासून भरले तर पाणी आत शिरेल का? स्वतः केलेल्यांनीच सांगा.