एनआयएच अनुदानात परदेशी सबअवॉर्ड बंद: गोव्यातल्या संस्थेने आता काय करायचं?

बांबोळीकर:
आमची संस्था नोंदणीकृत सोसायटी आहे, परदेशी निधी घेण्यासाठी लागणारी एफसीआरए नोंदणी चालू आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला एनआयएचचं (अमेरिकी सरकारची आरोग्य संशोधन संस्था) अनुदान आहे, त्यातल्या सबअवॉर्डवर, म्हणजे आम्हाला मिळणाऱ्या हिश्श्यावर, डेंगीच्या रुग्णांची नोंदणी आणि नमुन्यांची तपासणी आमच्याकडे होते. नूतनीकरणात हा सबअवॉर्ड चालणार नाही, असं तिकडून कळलंय. आमच्या मुख्य संशोधकांना सल्लागार दाखवून मानधनातून खर्च भागवा, अशी सूचना आली आहे. चालेल का?

दोनापावला:
नाही, त्या वाटेला जाऊच नका. एनआयएचच्या १ मे २०२५च्या सूचनेने नवीन, नूतनीकरणाच्या आणि चालू अनुदानांच्या पुढच्या वर्षांतले परदेशी, म्हणजे अमेरिकेबाहेरच्या संस्थांचे, सबअवॉर्ड थांबवले. सल्लागार त्यात येत नाहीत हे खरं, पण सल्लागार म्हणजे सल्ला देणारी व्यक्ती. तुमच्याकडे रुग्ण नोंदवले जातात, कर्मचारी नेमलेले आहेत, विदा (डेटा) तयार होते. कराराला नाव काहीही द्या, अमेरिकी नियम कामाचं स्वरूप बघतात. ऑडिटमध्ये हा खर्च नामंजूर झाला तर पैसे परत करायची पाळी मूळ विद्यापीठावर येईल.

एनआयएचने त्यानंतर पीएफ५ आणि यूएफ५ या अनुदान प्रकारांची नवी रचना आणली. तीत परदेशी संस्थेला मूळ प्रकल्पाशी जोडलेलं स्वतंत्र अनुदान थेट मिळतं. तुमचा मार्ग हाच. विद्यापीठाला विचारा, नूतनीकरण या रचनेत भरणार का?

आल्तिनो:
मग नोंदणीला आजच लागा. आधी एनकेज कोड (अमेरिकेबाहेरच्या संस्थेला मिळणारा ओळख-कोड), मग सॅम डॉट गव्ह या अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळावर नोंदणी आणि यूईआय हा संस्थेचा क्रमांक, त्यानंतर ईआरए कॉमन्स ही एनआयएचची ऑनलाइन अनुदान प्रणाली. सगळं मोफत आहे, पैसे मागणाऱ्या एजंटांच्या ईमेलला उत्तर देऊ नका. सॅमचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं.

घोडं अडतं ते नाव-पत्त्यावर. एनकेज आणि सॅममध्ये दोन्ही तंतोतंत जुळले पाहिजेत. आपल्याकडे जुन्या प्रमाणपत्रावर ‘पंजिम’ आणि पॅनवर ‘पणजी’ असतं, तेवढ्यावरून अर्ज परत येतो.

बांबोळीकर:
आमचं अगदी तसंच आहे! शिवाय नमुन्यांचं सीक्वेन्सिंग दुसऱ्या संस्थेकडून करून घेतो, तिला वाटा देतो.

दोनापावला:
पत्ता आधी एकसारखा करा. एफसीआरएच्या नोंदीत बदल करायचा तर एफसी-६ए फॉर्म बदलानंतर ४५ दिवसांच्या आत.

वाट्याचं प्रकरण जास्त नाजूक आहे. २०२०च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला वर्ग करता येत नाही, तिच्याकडे एफसीआरए असला तरी. ठरलेल्या दराने, बिलावर तपासणी करून घेणं वेगळं. तिचा संशोधक प्रकल्पात भागीदार असेल तर तिला स्वतंत्र अनुदान मागू द्या. रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यायला हवी. तिथून पणजीतल्या वापर खात्यात घ्या. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत.

आल्तिनो:
एचएमएससीच्या (परदेशी सहकार्याचे प्रकल्प तपासणारी आरोग्य मंत्रालयाची समिती) मंजुरीचं पत्रही काढून वाचा. त्यात निधी अमेरिकी विद्यापीठामार्फत येतो असं लिहिलेलं असेल, तर थेट अनुदान घेण्यापूर्वी आयसीएमआरला लेखी कळवून दुरुस्ती मागा. सुधारित अंदाजपत्रक आणि एथिक्स कमिटीचं ताजं पत्र सोबत जोडा.